वाढवलेली ताकद आणि क्लचची कुवत : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे खान्देशातली असून ती डिझेल पिकअपच्या क्लचविषयी आहेत. केळी, कापूस आणि मिरची वाहणाऱ्या या गाड्या आता पूर्वीपेक्षा पुष्कळ ताकदवान येतात, काहींनी ती ताकद आणखी वाढवून घेतली आहे, आणि तिचा पहिला भार क्लचवर पडला आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पुढे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे चार दारांचा, चारही चाकांना ताकद देणारा डिझेल पिकअप आहे. कंपनीच्या माहितीप्रमाणे त्याचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ३६० न्यूटन-मीटर आहे. सहा महिन्यांपूर्वी मी बाहेरगावी इंजिनाच्या कॉम्प्युटरचे रिमॅप, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी त्याच्या सेटिंगमध्ये बदल, करून घेतले. आता टॉर्क ४५० झाला आहे, असे करणाऱ्याने सांगितले. तेव्हापासून शिरपूरच्या पुढे बिजासन घाट चढताना पाचव्या आणि सहाव्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज एकदम चढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. खालच्या गिअरमध्ये काहीच जाणवत नाही. क्लच पहिलाच आहे, गाडी ९० हजार किलोमीटर चालली आहे. आमचे मिस्त्री बटणांची प्लेट टाका म्हणतात, ऑनलाइन विक्रेते ‘स्टेज टू’ क्लच सुचवतात. काय घ्यावे? — एक केळी उत्पादक, सावदा

उत्तर : आपण लक्षण नेमके टिपले आहे. क्लच स्लिप मारू लागला, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारी त्याची प्लेट घसरू लागली, की ते प्रथम वरच्या गिअरमध्ये आणि टर्बोचा दाब भरून येतो त्या टप्प्यात, म्हणजे मिनिटाला साधारण १,८०० ते २,६०० फेऱ्यांच्या दरम्यान दिसते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चटकन वेग घेते, त्यामुळे इंजिनाचा पूर्ण टॉर्क क्लचवर फार काळ टिकत नाही. सहाव्या गिअरमध्ये चढावर मात्र तो कित्येक सेकंद तसाच राहतो, आणि पकड जेथे कमी पडते तेथे प्लेट घसरू लागते. खात्री करायची असेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये १,६०० फेऱ्यांवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि फेऱ्यांचा काटा व वेगाचा काटा बरोबरीने चढतात का ते पाहावे. ही चाचणी एकदोनदाच करावी, कारण प्रत्येक वेळी प्लेट तापते.

नवा क्लच विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या बाजूचे किंवा गिअरबॉक्सच्या तोंडाचे ऑइल सील गळत असेल तर प्लेटवर तेल येते, आणि मग कितीही महागडा क्लच टाकला तरी तो स्लिपच मारणार. पॅडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधले तेल परतीचे बारीक छिद्र बुजले असेल तर पॅडल सोडल्यावरही नळीत थोडा दाब शिल्लक राहतो आणि क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर) दाबून धरणारी प्रेशर प्लेट पूर्ण बसत नाही. तिसरी गोष्ट पायाची : गाडी चालवताना डावा पाय पॅडलवर टेकवून ठेवण्याची सवय असेल तर परिणाम तोच होतो. आपल्या बाबतीत रिमॅपनंतरच त्रास सुरू झाल्यामुळे मूळ कारण टॉर्क हेच असावे, परंतु गिअरबॉक्स उतरल्यावर सील पाहिल्याशिवाय नवी प्लेट बसवू देऊ नये.

आता हिशेब पाहू, कारण क्लचची निवड हिशेबाने करायची असते. क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : घर्षणाच्या बाजू किती, अस्तराचा घर्षणांक किती, प्रेशर प्लेट किती जोराने दाबते, आणि अस्तराची सरासरी त्रिज्या किती. एका प्लेटला दोन बाजू असतात. बाहेरचा व्यास २५० आणि आतला १६० मिलिमीटर असलेल्या प्लेटची सरासरी त्रिज्या सुमारे १०२ मिलिमीटर येते. नेहमीच्या ऑरगॅनिक अस्तराचा घर्षणांक ०.३ धरला आणि प्रेशर प्लेटचा दाब ७,६०० न्यूटन, म्हणजे सुमारे पावणेआठशे किलो वजनाइतका धरला, तर असा क्लच जवळजवळ ४७० न्यूटन-मीटर पेलतो. ३६० च्या इंजिनाला ही सुमारे तीस टक्के शिल्लक झाली, आणि उत्पादक साधारणपणे सव्वापट ते दीडपट अशीच शिल्लक ठेवतात. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, आपल्या गाडीचे नेमके आकडे थोडे वेगळे असतील. पण त्यांतून आपल्या घाटातल्या अनुभवाचा उलगडा होतो. वापराने अस्तर गुळगुळीत झाले, घाटात तापले आणि घर्षणांक ०.३ वरून ०.२५ वर आला की तोच क्लच ३९० पर्यंतच पेलतो. मूळच्या ३६० ला तो अजून पुरला असता, ४५० ला पुरत नाही. रिमॅप केले नसते तर हाच क्लच आणखी काही काळ बिनतक्रार चालला असता, असे म्हणायला हरकत नाही.

कुवत वाढवायची तर याच चारांपैकी कशाला तरी हात घालावा लागतो. प्रेशर प्लेटचा दाब वाढवला तर पॅडल त्या प्रमाणात जड होते. त्याचे परिणाम पुढच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर आले आहेत. त्रिज्या वाढवायला फ्लायव्हील आणि हाउसिंगमध्ये जागा लागते, ती बहुधा नसते. बाजू वाढवायच्या म्हणजे दोन प्लेटांचा क्लच आला. राहिला घर्षणांक. त्याच उदाहरणात दाब तसाच ठेवून ०.३८ घर्षणांकाचे अस्तर घेतले तर कुवत ५९० च्या आसपास जाते, आणि पॅडलवर जादा भार पडत नाही.

आपले मिस्त्री सांगतात ती बटणांची, म्हणजे सेरामेटॅलिक तुकड्यांची प्लेट नेमके हेच करते. ट्रॅक्टरवाल्यांना ती चांगली परिचित आहे, आणि ट्रॅक्टरमध्ये ती शोभतेही, कारण तो हळू चालतो आणि त्याच्या चालकाला झटक्याचे काही वाटत नाही. पिकअपमध्ये मात्र ही प्लेट एकदम धरते किंवा एकदम सोडते. दोन्हींच्या मधली जागा तिला फारशी नसते. घाटात वळणावर थांबून पुन्हा निघताना, किंवा केळीच्या बागेतून पॅकिंग हाउसच्या धक्क्याला गाडी मागे लावताना, चालकाला ज्या हळुवार पकडीची गरज असते ती येथे मिळत नाही, गाडी थरथरते, आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लवकर झिजतो. रोज चालवायच्या गाडीत ही प्लेट टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यासाठी योग्य पर्याय म्हणजे उच्च घर्षणाच्या ऑरगॅनिक किंवा अरामिड अस्तराची, पूर्ण वर्तुळाची, मधल्या हबला स्प्रिंग असलेली प्लेट आणि मूळपेक्षा दहा-पंधरा टक्के अधिक दाबाची प्रेशर प्लेट. ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’ ही विक्रेत्यांनी आपापल्या सोयीने दिलेली नावे आहेत, त्यांना कोणतेही ठरलेले प्रमाण नाही. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : हा संच आपल्या गाडीच्या फ्लायव्हीलवर किती न्यूटन-मीटर पेलतो? आकडा लेखी मिळाला नाही तर तो संच घेऊ नये. ४५० साठी किमान ५६० ते ५८० चा संच हवा. ८०० चा संच घेण्यात शहाणपण नाही, कारण क्लच हा घराच्या फ्यूजसारखा आहे : तो घसरेनासा झाला की धक्का पुढे गिअरबॉक्सच्या शाफ्टला, डिफरन्शियलला आणि ॲक्सलला जातो, आणि ते दुरुस्त करणे क्लचपेक्षा कितीतरी महाग पडते.

आणखी एक मार्ग आहे, आणि तो मला अधिक पसंत आहे. रिमॅप करणाऱ्याकडे परत जाऊन टॉर्कला ४०० ची मर्यादा घालायला सांगावे, पण तो टॉर्क वरच्या फेऱ्यांपर्यंत टिकवायला सांगावा. ताकद म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार. ४५० न्यूटन-मीटर २,००० फेऱ्यांवर मिळाले तर सुमारे १२८ अश्वशक्ती होते, आणि ४०० न्यूटन-मीटर ३,२०० फेऱ्यांवर मिळाले तर १८२ होते. घाटात एक गिअर खाली घेऊन चालवल्यास गाडी अधिक जोमाने चढते आणि क्लचवरचा भार उलट कमी राहतो. मोठे उत्पादकही हेच धोरण ठेवतात. भारतात विकल्या जाणाऱ्या टोयोटा हायलक्सच्या २.८ लिटर इंजिनाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत ५०० न्यूटन-मीटर दिलेले आहेत आणि मॅन्युअलसोबत ४२०. महिंद्रा स्कॉर्पिओ-एनच्या १७५ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनात हेच आकडे ४०० आणि ३७० आहेत. इंजिन तेच असूनही मॅन्युअलला कमी टॉर्क दिला जातो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

शेवटी कायद्याविषयी एक वाक्य. नोंदणी पुस्तिकेतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार करता येत नाही. चांगल्या प्रतीचा क्लच बसवण्याने तो तपशील बदलत नाही, पण रिमॅपने धुराचे प्रमाण बदलू शकते आणि वॉरंटी तर बहुतेक वेळा जातेच.

प्रश्न : वर्षापूर्वी पिकअपला हेवी ड्यूटी प्रेशर प्लेट टाकली. पकड उत्तम आहे, पण पॅडल इतके जड झाले आहे की धुळे शहरातील रहदारीत गुडघा दुखतो. मध्यंतरी मास्टर सिलिंडरही बदलावे लागले. पॅडल हलके करण्याचा काही उपाय आहे का? — एक वाचक, धुळे

उत्तर : गुडघ्यापेक्षा मला आपल्या इंजिनाची काळजी अधिक वाटते. पॅडल दाबले की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना इंजिनाच्या दिशेने ढकलते, आणि तो सगळा रेटा क्रँकवर येतो. क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे अर्धचंद्राकार थ्रस्ट वॉशर हा रेटा सोसतात. मूळ क्लचच्या दाबाला ते पुरतात. दाब बराच वाढवला, आणि चालकाला सिग्नलला गिअर टाकून पॅडल दाबून उभे राहण्याची सवय असली, की ते लवकर झिजतात. सर्वांत वाईट वेळ इंजिन सुरू करण्याची असते, कारण तेव्हा तेलाचा दाब तयार झालेला नसतो. म्हणून जेथे गाडी परवानगी देते तेथे गिअर मोकळा ठेवून, पॅडल न दाबता इंजिन सुरू करावे, आणि सिग्नलला गिअर मोकळा करून पाय काढून घ्यावा.

मिस्त्रीकडून एक तपासणी आवर्जून करून घ्यावी. इंजिन बंद असताना एकाने पॅडल दाबावे व सोडावे आणि दुसऱ्याने समोरच्या क्रँक पुलीकडे पाहावे. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढेमागे सरकत असेल तर डायल गेज लावून माप घ्यावे आणि ते कंपनीच्या मर्यादेशी ताडून पाहावे. मर्यादा ओलांडली असेल तर क्लचचा विचार बाजूला ठेवून आधी वॉशरांचे काम करावे, कारण ते निखळून पडले तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही जातात.

मास्टर सिलिंडर जाण्याचे कारणही हेच दिसते. कंपनीने मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर, त्यांना जोडणारा रबरी होज आणि पॅडलचा कंस हे सारे मूळ दाबाच्या अंदाजाने केलेले असते. दाब वाढला की होज फुगतो, सील गळतात आणि कधी पॅडलच्या मागचा पत्राही वाकतो किंवा तडकतो. टॉर्चच्या उजेडात तो पत्रा एकदा पाहून घ्यावा. लहान व्यासाचा मास्टर सिलिंडर बसवून पॅडल हलके करता येते, परंतु मग पॅडलच्या एका दाबात तेल कमी ढकलले जाते, प्लेट पूर्ण सुटत नाही आणि गिअर कुरकुरत पडतात. एकीकडे मिळवले ते दुसरीकडे गेले.

आपल्या गाडीचे रिमॅप झालेले नसेल तर इतक्या दाबाची मुळात गरजच नव्हती. पुढच्या वेळी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा मूळ दाबाची, शक्य असल्यास झिजेप्रमाणे आपोआप जुळवून घेणारी प्रेशर प्लेट बसवावी. साध्या डायफ्राम क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तसे पॅडल अधिकाधिक जड होते. हा दोष त्या प्रकारात बराच कमी होतो.

प्रश्न : मोकळ्या गिअरवर इंजिन चालू असताना गिअरबॉक्सकडून खडखड येते आणि क्लच दाबला की थांबते. इंजिन बंद करताना एक ठोका ऐकू येतो. गॅरेजमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील गेले असे सांगितले आणि त्याऐवजी साधे, एकसंध फ्लायव्हील बसवण्याचा सल्ला दिला, खर्च जवळजवळ निम्मा. कन्नड घाटात नेहमी जाणे-येणे असते. बसवावे का? — एक वाहतूक व्यावसायिक, चाळीसगाव

उत्तर : क्लच दाबल्यावर थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचाही असू शकतो. बेअरिंगचा आवाज घरघरीसारखा, सलग आणि फेऱ्यांबरोबर चढणारा असतो. फ्लायव्हीलचा आवाज आयडलला खडखडतो, फेरे वाढवले की विरतो, आणि बंद करताना ठोका देतो. आपण दिलेल्या वर्णनावरून गॅरेजचे निदान बरोबर वाटते.

हे फ्लायव्हील दोन भागांचे असते आणि त्या दोहोंमध्ये वक्र स्प्रिंगा व ग्रीस असते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा स्फोट होतो. डिझेलमध्ये तो स्फोट जोरदार असल्याने क्रँक अखंड गतीने न फिरता हिसके देत फिरते. ते हिसके गिअरबॉक्सपर्यंत जाऊ न देणे हे या स्प्रिंगांचे काम. एकसंध फ्लायव्हीलमध्ये ते काम प्लेटच्या हबमधल्या चार-सहा आखूड स्प्रिंगांवर येते, आणि त्यांना ते पूर्णपणे झेपत नाही. आवाज वाढतो, सिंक्रोनायझर (गिअरांचा वेग जुळवणाऱ्या कड्या) व शाफ्टवर भार पडतो, गाडी निघताना थोडी थरथरते.

गाडी मूळ ताकदीची असेल आणि मालकाला ती दीर्घकाळ ठेवायची असेल तर मी खर्च सोसून ड्युअल मासच बसवीन. टॉर्क बराच वाढवलेला असेल तर मात्र एकसंध फ्लायव्हीलकडे जाणे समर्थनीय आहे, कारण वाढलेल्या टॉर्कने ड्युअल मासच्या स्प्रिंगा टोकापर्यंत दाबल्या जातात आणि लवकर मोडतात. तसे करताना फ्लायव्हील, प्लेट आणि प्रेशर प्लेट हा एकाच उत्पादकाने त्या गाडीसाठी जुळवलेला पूर्ण संच घ्यावा. जुन्या प्लेटवर नवे फ्लायव्हील बसवण्याची काटकसर करू नये, कारण ड्युअल मासबरोबर येणाऱ्या प्लेटच्या हबमध्ये अनेकदा स्प्रिंगाच नसतात.

जुने फ्लायव्हील उतरल्यावर ते स्वतः पाहावे. पृष्ठभागावर निळसर डाग आणि केसासारख्या भेगा असतील तर क्लच घसरून ते भाजले आहे. कडेने काळे ग्रीस उडालेले दिसले तर आतले सील जळाले आहे. एकसंध फ्लायव्हील लेथवर घासून पुन्हा वापरता येते, ड्युअल मास लेथवर चढवायचे नसते. कोणी ‘फेस मारून देतो’ म्हणाले तर नकार द्यावा. आणि घाटात बाराशेच्या खाली फेरे गेलेले असताना वरच्याच गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून गाडी रेटणे टाळावे, या फ्लायव्हीलचा जीव सर्वाधिक त्यातच जातो.

प्रश्न : आमची गाडी कंपनीतून आली तशीच आहे, काही वाढवलेले नाही. तरीही दर वर्षी क्लच प्लेट संपते. तळोद्याहून धडगावकडे चांदसैली घाटाने किराणा आणि खतांच्या गोण्या नेतो, परतीत शेतातून माल भरतो. दुकानदार म्हणतो की आता हेवी ड्यूटी संचच घ्या. — एक पिकअप मालक, तळोदा

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे तूर्त बाजूला ठेवावे. क्लच दोन प्रकारे मरतो : एक, टॉर्क पेलत नाही म्हणून, आणि दुसरा, निघताना होणाऱ्या उष्णतेने. आपला दुसऱ्या प्रकारात मोडतो, आणि त्याला अधिक दाबाच्या प्लेटचा उपयोग फारच थोडा.

गाडी उभ्या स्थितीतून निघते तेव्हा इंजिन फिरत असते आणि चाके थांबलेली असतात. दोघांचा वेग जुळेपर्यंत प्लेट घासते, आणि सपाटीवर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते निदान तेवढीच उष्णता क्लचमध्ये तयार होते. मालासकट तीन टनांची गाडी पहिल्या गिअरमध्ये ताशी ८ किलोमीटरच्या सुमारास जुळते असे धरले तर ही उष्णता साडेसात किलोज्यूल होते. तीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलली तर वेग ताशी १४ च्या आसपास जुळतो आणि उष्णता तेवीस किलोज्यूलपर्यंत, म्हणजे तिप्पट जाते. चढावर गुरुत्वाकर्षणाची भर पडते ती वेगळीच. पहिला गिअर ‘फार छोटा’ वाटतो म्हणून भरलेली गाडी दुसऱ्यात उचलणारे चालक आपल्याकडे पैशाला पासरी आहेत, आणि बहुधा आपलाही चालक त्यांतलाच असावा. एक दिवस शेजारी बसून पाहावे.

घाटात समोरून बस आली म्हणून थांबावे लागले की हँडब्रेक लावावा. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणे ही आपल्याकडे कसब समजली जाणारी गोष्ट आहे, पण त्या अर्ध्या मिनिटात अस्तर अडीचशे अंशांपलीकडे सहज जाते, जळका वास येतो, आणि एकदा चकाकी धरलेले अस्तर मूळ पकडीवर परत येत नाही.

शेतातला चिखल हे दुसरे ठिकाण. काळ्या मातीत चाक रुतल्यावर एकदा पुढे, एकदा मागे असे झोके देत गाडी काढण्यात महिन्याभराचे आयुष्य दहा मिनिटांत जाते. चाकांपुढे पऱ्हाटी किंवा फळ्या टाकाव्यात, अर्धा माल उतरवावा, किंवा सरळ ट्रॅक्टर बोलवावा. चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर चिखलात लो रेंज, म्हणजे गती कमी करणारी जादा गिअरजोडी, लावावी. तिने गती सुमारे अडीचपट कमी होते आणि निघतानाची उष्णता सहाव्या हिश्श्यावर येते. डांबरी रस्त्यावर मात्र ती लावू नये, वळणावर पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ताण बसतो.

राहिला भार. आपण किती टाकता ते पत्रात लिहिलेले नाही, आणि न लिहिण्याचे कारण मी समजू शकतो. नोंदणी पुस्तिकेतील एकूण वजनापेक्षा जादा भार असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ नुसार वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल जागेवर उतरवण्याचा खर्च आपलाच. कंपनीचाच संच घ्यावा, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग त्याच वेळी बदलावे, आणि पहिले आठशे किलोमीटर गाडी अर्ध्या भारावर, घाट टाळून चालवावी, म्हणजे अस्तर पूर्ण पृष्ठभागावर बसेल.

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या पुतण्याने त्याच्या रॅम पिकअपमध्ये दोन प्लेटांचा क्लच बसवला. तसा आपल्याकडील गाडीत बसवता येईल का? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : तो क्लच तसाच्या तसा बसणार नाही, आणि बसवण्याचे कारणही नाही. कमिन्सचे ६.७ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि जी-५६ हा सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स असलेल्या रॅममध्ये मूळचाच टॉर्क ६६० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ८९५ न्यूटन-मीटर होता. त्याच इंजिनाला ऑटोमॅटिकसोबत ९०० फूट-पौंडांपर्यंत आणि त्यापुढेही टॉर्क दिला गेला. मॅन्युअल रॅम २०१८ च्या मॉडेलनंतर बंद झाला. तेथील हौशी मालक मॅन्युअल गाडीलाही ऑटोमॅटिकच्या बरोबरीला आणू पाहतात, शिवाय मागे कित्येक टनांचा ट्रेलर ओढतात, म्हणून त्यांना घर्षणाच्या चार बाजू लागतात. दोन प्लेटांमुळे तेवढ्याच दाबात कुवत दुप्पट होते आणि पॅडल फार जड होत नाही, हा त्याचा खरा गुण. उलट बाजूला फिरणारे वजन वाढते, गिअर बदलताना सिंक्रोनायझरवर ताण येतो आणि मोकळ्या गिअरवर प्लेटा किणकिणतात. आपल्या ३५०-४०० न्यूटन-मीटरच्या गाडीला एक चांगली प्लेट पुरते.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी क्लचचे पॅडल मऊ पडते, खाली जाऊन हळू वर येते आणि गिअर अडतात. संध्याकाळी सारे ठीक होते. प्लेट नवी आहे. — एक मिरची व्यापारी, नंदुरबार

उत्तर : प्लेटकडे पाहू नका, तेलाकडे पाहा. क्लचमध्ये ब्रेकचेच तेल असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ या प्रतीचे नवे तेल २०५ अंशांना उकळते, ओलावा शोषलेले १४० ला. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. क्लचची नळी एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर आपल्याकडील उन्हाळ्यात जुन्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो पण रेटा पुढे देत नाही. टाकीतील तेल काळपट दिसत असेल तर ते पूर्ण काढून कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे सीलबंद डब्यातले नवे तेल भरावे, हवा काढून घ्यावी, आणि दर दोन वर्षांनी हे काम करावे. वरून इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल टाकू देऊ नये, त्याने सारी रबरी सीले फुगतात.

नव्या तेलानंतरही आठवड्याभरात पॅडल मऊ पडले आणि टाकीतील पातळी उतरली तर स्लेव्ह सिलिंडर गळतो आहे. तो बाहेर बसवलेला असेल तर तासाभराचे काम आहे. शाफ्टभोवती आत बसवलेला असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि गळालेले तेल प्लेटपर्यंत पोचण्याआधी तो उतरवलेला बरा.